सदासज्ज काका

सदासज्ज काका कामोठ्यातल्या जवळजवळ प्रत्येक सोसायटीत आढळतात. मूळ गाव बहुधा सातारा, सांगली किंवा कोल्हापूरकडचे. १९६७ चा कोयनेचा भूकंप त्यांनी स्वतः अनुभवलेला असतो, नाहीतर वडिलांकडून इतक्या वेळा ऐकलेला असतो की आता फरक उरलेला नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा त्यांना लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ असतो. घर खाडीजवळ, त्यामुळे पावसाळ्यात सकाळी पंचांगाआधी भरतीची वेळ पाहिली जाते. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की नाल्यांचे पाणी खाडीत उतरत नाही, असे ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला ऐकवतात. यात चूक काहीच नाही. ऐकणाऱ्याला ऑफिसला उशीर होतो एवढेच.

काकांची ओळख म्हणजे दारामागच्या खुंटीवरची सॅक. सॅक मुलाची, कॉलेजातली. तिच्यात बॅटरी, वेगळे बांधलेले सेल, शिट्टी, क्रेप बँडेज, ओआरएसची पाकिटे, बीपीच्या गोळ्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी, चणे-गूळ, राजगिऱ्याचे लाडू आणि सुट्टे पैसे असतात. कागदपत्रांच्या झेरॉक्स चेनच्या पिशवीत: आधार, रेशनकार्ड, इंडेक्स टू, एलआयसीच्या पॉलिस्या, आणि कधी लागेल सांगता येत नाही म्हणून लग्नपत्रिका. हे सगळे डिजीलॉकरमध्ये ठेवता येते, असे मुलगा म्हणतो. फोनची बॅटरी उतरल्यावर लॉकर कोण उघडणार, या काकांच्या प्रश्नावर तो विषय बदलतो.

पाण्याचा हिशेब मात्र कधीच जमत नाही. माणशी रोज चार लिटर, घरात चार माणसे, तीन दिवस: ४८ लिटर, म्हणजे तितकेच किलो. एवढे ओझे घेऊन चौथ्या मजल्यावरून उतरायचे म्हणजे आपत्ती जिन्यातच गाठणार. शेवटी दोन बाटल्या आणि मेडिक्लोरची कुपी यावर तडजोड होते. नळ कधी जाईल याचा नेम नसलेल्या घरात पिंप बारा महिने भरलेलेच असते, तेव्हा वेगळी तयारी कसली, हे काकूंचे मत.

सॅकला खरा धोका घरच्यांकडून. सेल रिमोटमध्ये जातात, सुट्टे पैसे भाजीवाल्याकडे, लाडू एकादशीला. म्हणून जूनच्या आरंभी आणि दिवाळीनंतर मोजदाद होते, गोळ्यांच्या तारखा तपासल्या जातात आणि वहीत लाल शाईने नोंद पडते: ‘लाडू जमा ६, शिल्लक ०. चौकशी चालू.’

एवढी तयारी असूनही योग काही येत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. किनाऱ्यालगतच्या गावांतून माणसे हलवली गेली. बाकीच्यांना मात्र आदेश होता, घराबाहेर पडू नका. काकांनी तो दिवस बूट घालून सोफ्याच्या कडेवर काढला. २०२३ मध्ये सरकारने इशारा-यंत्रणेची चाचणी घेतली, तेव्हा सगळे फोन एकदम किंचाळले. लिफ्ट न वापरता, सॅक पाठीला लावून गेटपाशी पोचलेले काका एकटेच. हा केवळ चाचणीचा संदेश आहे, दुर्लक्ष करावे, हे वॉचमनने वाचून दाखवले. काकांनी घड्याळ पाहिले आणि उतरायला लागलेला वेळ वहीत लिहिला.

सॅकचा उपयोग होतो तो शेजाऱ्यांना. रात्री दोनला कोणाच्या छातीत दुखू लागते, कोणाच्या सुनेला कळा येतात, आणि बेल काकांची वाजते. १०८ ला फोन लावणे, जिन्यात बॅटरी धरणे, रोख पुढे करणे, सगळे बिनबोभाट होते. बॅटरी परत येते, पैसेही येतात. आलेल्या वस्तूंपुढे काका टिक करतात. उरलेल्या वस्तूंची यादी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात वाचली जाते.