तिकीट कुणाच्या सहीचं?

निवडणूक लागली की इचलकरंजीत मलाबादे चौकापासून शाहू पुतळ्यापर्यंत एकच विचारणा सुरू होते: तिकीट कुणाला? मत कुणाला, हे नंतर. लोक बरोबर बोलतात. निम्मी निवडणूक तिकिटातच उरकते आणि त्या निम्म्या निवडणुकीत तुम्हा-आम्हाला मत नसतं.

ज्याच्या मागं घराणं नाही, कारखाना नाही, बँक नाही, गट नाही, अशा उमेदवाराला आपण बाहेरचा म्हणतो. तो मतदानात पडला तर तक्रार नाही. लोकांनी नाकारलं, विषय संपला. पण तो मतदानापर्यंत पोचतच नाही. त्याला नाकारणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात आणि त्यांना जाब विचारायची सोय कुणाकडं नसते.

एबी फॉर्म हा शब्द आज शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तो कागद मात्र फार थोड्यांनी नीट वाचलाय. विधानसभा-लोकसभेला ए फॉर्मवर पक्ष निवडणूक अधिकाऱ्याला कळवतो की आमच्या वतीनं सही करायचा अधिकार अमुक माणसाला आहे. बी फॉर्मवर तो माणूस उमेदवाराचं नाव लिहितो, आणि त्याचा अर्ज बाद झालाच तर पर्यायी नाव कुणाचं तेही. सही शाईची लागते. शिक्का किंवा झेरॉक्स चालत नाही. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तो कागद पोचला पाहिजे. बस्स. ज्यानं वीस वर्षं पक्षाच्या सतरंज्या उचलल्या त्याचं भवितव्य दुसऱ्याच्या पेनातल्या शाईवर. त्या दिवशी निवडणूक कार्यालयाबाहेर उभे असलेले इच्छुक बघा. एक हात खिशातल्या मोबाइलवर, डोळे रस्त्याकडं, आणि दर मिनिटाला तोच प्रश्न: आला का? सही कुणी, का, कुणाला विचारून केली, हे सांगायचं बंधन त्या कागदावर कुठंच नाही. आपल्या देशात पक्षानं उमेदवार कसा निवडावा याचा कायदाच नाही. पक्षांच्या आत लोकशाही हवी, असं विधी आयोगानं १९९९ सालच्या १७० व्या अहवालात स्पष्ट सांगितलं. त्याला पाव शतक उलटून गेलं.

आता सीमेपलीकडच्या एका माणसाची गोष्ट. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात मराठी घरात वाढलेले श्री ठाणेदार १९७९ साली अमेरिकेला गेले. रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली, कंपनी विकत घेतली, वाढवली, मंदीत ती हातची गेली, पुन्हा दुसरी उभी केली. २०१८ मध्ये त्यांनी मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागितली. मागितली म्हणजे कुणाच्या बंगल्यावर गेले नाहीत, मतदारांकडं मागितली. तिथं अध्यक्षपदापासून खालपर्यंत पक्षाचा उमेदवार बहुतेक वेळा मतदानानं ठरतो. त्याला प्रायमरी म्हणतात. मिशिगनमध्ये तर त्यासाठी पक्षाचं सभासद असणंही लागत नाही. मतदारानं त्या दिवशी एका पक्षाचा रकाना निवडायचा आणि शिक्का मारायचा.

ठाणेदार हरले. तीन उमेदवारांत तिसरे आले. स्वतःच्या खिशातले एक कोटी डॉलरहून जास्त घालूनही मतं पडली साधारण १८ टक्के. पण त्यांना मतदारांनी हरवलं. उभं राहण्यापासून कुणी अडवलं नाही. २०२० मध्ये ते डेट्रॉइटमधून राज्याच्या सभागृहात निवडून आले. २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेससाठी पुन्हा प्रायमरी लढवली. नऊ उमेदवार, ठाणेदारांना सुमारे २८ टक्के, आणि तेवढ्यावर उमेदवारी मिळाली. नोव्हेंबरमध्ये ते खासदार झाले.

या २८ टक्क्यांकडं नीट बघायला हवं, कारण बाहेरच्या उमेदवाराचं सगळं गणित त्यात आहे. आतले आपसात भांडत असतील तर बाहेरचा पुढं निघून जातो. आतले एक झाले की बाहेरच्याचा रस्ता बंद. २०१६ मध्ये रिपब्लिकन पक्षात सतरा जण अध्यक्षपदाची उमेदवारी मागत होते. मुरलेले सगळे एकमेकांची मतं खात बसले आणि ट्रम्प पुढं निघून गेले. उलट २०२० मध्ये बर्नी सँडर्स डेमोक्रॅटिक पक्षात आघाडीवर होते. मोठ्या मतदानाच्या मंगळवारच्या तोंडावर बुटिजज आणि क्लोबुशार या दोन उमेदवारांनी माघार घेऊन बायडन यांना पाठिंबा दिला आणि सँडर्स यांची घोडदौड थांबली. दोन्ही वेळा प्रायमरीच होती. फरक आतल्यांच्या एकीचा.

आणि हे अमेरिकेत पहिल्यापासून होतं असंही कुणी समजू नये. १९६८ साली ह्युबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक उमेदवारी मिळवली. पक्षाच्या पुढाऱ्यांनी ठरवलं, झालं. शिकागोच्या अधिवेशनाबाहेर रस्त्यावर पोलिसांनी तरुणांना झोडपलं, निवडणुकीत पक्ष हरला, आणि मग नियम बदलावे लागले. आठ वर्षांनी जॉर्जियाचा एक भुईमूग पिकवणारा माजी गव्हर्नर, ज्याचं नाव देशात धड कुणाला ठाऊक नव्हतं, त्याच नियमांवर उमेदवार झाला आणि राष्ट्राध्यक्षही. जिमी कार्टर. नियम बदलले म्हणून तो दिसला, नाहीतर तशी माणसं त्याआधीही असतीलच.

आता आपल्या गावाकडं येऊ.

इचलकरंजी विधानसभेचा अलीकडचा इतिहास सगळ्यांना तोंडपाठ आहे, तरी एका ओळीत लावून बघा. संघ-भाजपच्या मुशीतले सुरेश हाळवणकर २००९ आणि २०१४ मध्ये प्रकाश आवाडे यांना हरवून आमदार झाले. २०१९ मध्ये आवाडे काँग्रेसचं जिल्हाध्यक्षपद सोडून अपक्ष उभे राहिले आणि हाळवणकरांना जवळपास ५० हजार मतांनी हरवलं. मग भाजपला पाठिंबा दिला. २०२४ मध्ये आवाडे पिता-पुत्र भाजपमध्ये आले, तिकीट राहुल आवाडे यांना मिळालं आणि ते निवडून आले. ज्यांनी पक्षाचा उमेदवार पाडला, त्यांच्याच घरात पक्षाची उमेदवारी गेली.

यात राहुल आवाडे निवडून आले हे लोकांचं मत आहे, त्याला नमस्कार. माझं म्हणणं त्याच्या आधीच्या पायरीबद्दल आहे. कमळासाठी उन्हातान्हात राबलेल्या इचलकरंजीतल्या सभासदांना कुणी विचारलं का, तुमचा उमेदवार कोण? मतदान घेतलं असतं तर कदाचित हेच नाव आलं असतं, कदाचित दुसरं. विचारायलाच हवं होतं. बाकीच्या पक्षांनी याकडं बोट दाखवायचं कारण नाही. त्यांच्याकडंही यादी वरूनच येते.

आणि एक गल्लत कायमची मिटवू. अपक्ष म्हणजे बाहेरचा नव्हे. २०१९ चा विजय अपक्षाचा होता म्हणून तो सामान्य माणसाचा होता, असं काहीजण अजून सांगतात. ज्या घराला कल्लाप्पाण्णा आवाडेंसारखे खासदार लाभले, ज्यानं हुपरीचा जवाहर साखर कारखाना आणि जनता बँक उभी केली, त्या घरातला उमेदवार कोणत्याही चिन्हावर आतलाच असतो. त्या घरानं या गावासाठी काम केलं नाही असं मी म्हणणार नाही. पण सायझिंगमध्ये राबणारा, यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा किंवा कांड्या भरणारी बाई अपक्ष उभी राहिली, तर तिला अपक्ष म्हणण्यात आणि त्यांना अपक्ष म्हणण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

खरा बाहेरचा बघायचा असेल तर राजू शेट्टींकडं बघा. कारखानदारांच्या मुलखात ऊसदरासाठी रस्त्यावर उतरलेला शिरोळचा शेतकऱ्याचा पोरगा. ‘एक नोट, एक मत’ म्हणत गावोगाव फिरला; लोकांनी मत दिलं आणि वर दहा-पन्नासाची नोटही दिली. इथल्या राजकारणात मतदारानं उमेदवाराला पैसे द्यावेत, ही गोष्टच उलटी होती, आणि ती घडली. २००४ ला आमदार. २००९ ला हातकणंगलेतून खासदार, निवेदिता माने यांना सुमारे ९५ हजारांनी हरवून. २०१४ ला कल्लाप्पाण्णा आवाडे यांच्यावर पावणेदोन लाखांची आघाडी.

पण २०१४ ला ते महायुतीबरोबर होते. २०१९ ला काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर गेले आणि धैर्यशील माने यांच्याकडून ९६ हजारांनी हरले. २०२४ ला मशाल चिन्ह हातात घ्या म्हणून ठाकरेंच्या पक्षाकडून सांगणं होतं, ते त्यांनी मानलं नाही. स्वतंत्र लढले आणि तिसरे आले. मतं पडली १ लाख ८० हजारांच्या आसपास. विजयी धैर्यशील माने आणि ठाकरेंच्या पक्षाचे सत्यजित पाटील यांच्यातला फरक १३ हजारांचा. म्हणजे लाखावर माणसं ज्याच्या मागं उभी, त्याच्या वाट्याला शेवटी कुणाची मतं खाल्ली हा हिशेब आला. प्रायमरी असती तर ही लढत आधी झाली असती. आघाडीच्या मतदारांनी शेट्टी की पाटील हे ठरवलं असतं आणि हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याच्या सभेला जाऊन बसायचं. आपल्याकडं ती लढत मुंबईतल्या बैठकीत होते आणि चिन्हाच्या प्रश्नावर तुटते.

प्रायमरी आपल्याकडं करून झालीय, जमत नाही, असं म्हणणारे भेटतात. झालीय, खरं आहे. २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसनं मोजक्या मतदारसंघांत हा प्रयोग केला. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. वर्ध्यात कोण जिंकलं? तेव्हाचे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे. समोर कोण? प्रभा राव यांची कन्या चारुलता टोकस. निवडणुकीत भाजपच्या रामदास तडस यांनी मेघेंना दोन लाखांहून जास्त मतांनी पाडलं. लातूरचे उमेदवार दत्तात्रय बनसोडेही पडले. प्रयोग गुंडाळला गेला.

पण तो प्रयोग मतदानामुळं फसला नाही. फसला मतदार यादीमुळं. तिथं मत होतं पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना आणि प्रतिनिधींना. त्यांना पदं कुणी दिली होती? ज्यांच्या घरातले उमेदवार होते त्यांनीच. अशाच प्रतिनिधींच्या यादीवर १९९७ मध्ये शरद पवार काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी सीताराम केसरींविरुद्ध उभे राहिले, तेव्हा केसरींना ६,२२४ मतं पडली आणि पवारांना ८८२. महाराष्ट्राचा मुख्यमंत्री, देशाचा संरक्षणमंत्री राहिलेला माणूस त्या यादीपुढं बाहेरचा ठरला.

हे कोल्हापूर जिल्ह्याला समजावून सांगायची गरज नाही. गोकुळ दूध संघाची निवडणूक आपण बघतो. दूध घालणारे उत्पादक लाखांत, आणि मत कुणाला? प्रत्येक संस्थेनं ठराव करून पाठवलेल्या एका प्रतिनिधीला, म्हणजे ठरावधारकाला.  ठराव कुणाकडं किती, यावर निकाल आधीच कळतो, म्हणून तर ठराव गोळा करायला एवढी धावपळ. साखर कारखान्यात तेच: सभासद कुणाला करून घ्यायचं, कुणाला अक्रियाशील ठरवायचं, मयताच्या वारसाची नोंद कधी करायची. यादी ज्याच्या हातात, निवडणूक त्याची. ज्या जिल्ह्यानं हे डाव रचले, त्यालाच त्यातली पळवाट कुठं बुजवायची हेही कळतं.

त्यामुळं मागणी साधी आहे आणि ती आपल्या महापालिकेपासून सुरू व्हावी. २०२२ साली महापालिका झाली, पहिली निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडलं, मधला सगळा काळ प्रशासकाचा. पाण्याची एवढी ओरड असलेल्या गावात, सुळकूडच्या पाणी योजनेवर एवढं रान पेटलेलं असताना, आपल्या प्रभागातून कोण उभा राहणार हे प्रभागातल्या माणसानं ठरवू नये? प्रत्येक पक्षानं आपल्या सभासदांची प्रभागवार यादी निवडणुकीच्या सहा महिने आधी कार्यालयाबाहेर लावावी. हरकती घ्याव्यात. ज्यांचं सभासदत्व वर्षभराचं झालंय त्यांचं गुप्त मतदान घ्यावं. ज्याला जास्त मतं त्याच्या नावानं बी फॉर्म. मोबाइलवर मिस्ड कॉल देऊन झालेल्या सभासदांची कोटींची आकडेवारी पक्ष सांगतात. त्यातले आपल्या प्रभागातले किती, हे एकदा भिंतीवर लागू दे.

यानं घराणी संपणार नाहीत. पैसाही संपणार नाही. ठाणेदारांचे कोटी डॉलर समोर आहेत. सुरुवातीला बहुतेक ठिकाणी तेच ते लोक जिंकतील, वर्ध्यासारखे. पण एखाद्या प्रभागात इच्छुक आठ असतील, बडे एकमेकांची मतं खातील, आणि पाण्यासाठी मोर्चे काढणारा एखादा पोरगा अठ्ठावीस टक्क्यांवर निघून जाईल. आज त्याला शून्य टक्के संधी आहे.

पक्ष हे स्वतःहून करणार नाहीत. म्हणून हे तुमच्यावर आहे. पुढच्या वेळी कुठल्याही पक्षाचा उमेदवार हात जोडून दारात आला की चहा द्या, त्याचं पत्रक घ्या आणि दोनच गोष्टी विचारा: तुमच्या फॉर्मवर सही कुणाची? आणि तुमच्या नावाला पक्षाच्या किती सभासदांनी मत दिलं? उत्तर मिळेपर्यंत त्याला मत देण्याचा शब्द देऊ नका.