नॉर्दर्न डेक्कन, मुक्काम ओमती

नागपूरचं बिऱ्हाड जबलपूरला, ओमतीत हलवलं आणि गॅस, बँक, आधार असे सगळे पत्ते मी पटापट बदलून टाकले. राहिला आमचा कुत्रा, बाजी. त्याची फाइल माझ्या स्वतःच्या कागदांपेक्षा नीट आहे, हे मी पाहुण्यांना चहाच्या आधी सांगतो. रेबीजची लस दरवर्षी वेळेवर. बाटलीवरून सोलून चिकटवलेलं लेबल, त्यावर डॉक्टरांचा जांभळा शिक्का. एका पानाचा कोपरा नाही, तो बाजीने खाल्ला.

"नागपूर महापालिकेचं लायसन्स इथे चालेल ना?" मी इथल्या महापालिकेच्या काउंटरवर रुबाबात विचारलं. पलीकडचे गृहस्थ मराठी निघाले, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. "नाही हो भाऊ. ज्या गावात कुत्रा, तिथली नोंदणी. नवीन करावी लागंल."

मी इतिहास काढला. जबलपूर 1817पर्यंत नागपूरकर भोसल्यांचं. पुढे 1861पासून 1956पर्यंत दोन्ही शहरं एकाच प्रांतात, राजधानी नागपूर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मग 1956च्या आधी यायचं होतं, बड्डे," म्हणाले आणि फॉर्म सरकवला.

फॉर्मात मी अडलो तो जातीच्या रकान्यापाशी. बाजी नागपूरच्या इतवारीतल्या एका किराणा दुकानाच्या पायरीवर सापडला. पण त्याचे पाय लांब, कंबर बारीक, त्यामुळे तो मुधोळ असावा असं माझं मत आहे. मुधोळ म्हणजे घोरपड्यांच्या संस्थानातला शिकारी कुत्रा. 2005मध्ये टपालखात्याने त्याचं तिकीट काढलं, 2020मध्ये पंतप्रधान 'मन की बात'मध्ये त्याच्याविषयी बोलले. एवढं सगळं मी फिरायला जाताना कोणालाही ऐकवतो. मुधोळ सशामागे धावतो. बाजी सशाचं चित्र असलेल्या पिशवीला घाबरतो, पण तो स्वभावाचा भाग झाला. डॉक्टरांनी मात्र कार्डावर 'एनडी' लिहून ठेवलंय. म्हणजे नॉन-डिस्क्रिप्ट, वर्णन करण्यासारखं काही नाही. कोणी विचारलंच, तर मी 'नॉर्दर्न डेक्कन' असं सांगतो. आजवर एकानेही शंका घेतलेली नाही. बायको तेवढी 'इतवारी मुधोळ' म्हणते.

रकान्यात शेवटी 'देशी' लिहिलं. गृहस्थांनी घरमालकाचं संमतिपत्र मागितलं. सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, असं पशुकल्याण मंडळाचं 2015चं परिपत्रक मी बरोबर नेलं होतं. त्यांनी ते फाइलला टाचलं आणि संमतिपत्र पुन्हा मागितलं.

रंग विचारला, वय विचारलं, नर की मादी विचारलं. हरवला तर फोन कोणाला करायचा, हे त्या फॉर्मात कुठेच नव्हतं. याचा मात्र मला खरा राग आला. इतवारीत बाजी सुटला तर तासाभरात आपणहून दारात यायचा. सगळी गल्ली त्याच्या नाकाला पाठ होती. इथे तो घंटाघराच्या गर्दीत उभा राहून माझ्याकडे बघतो. आणि दिवाळीत पहिल्या सुतळी बाँबला तो कुठे पळेल, याचा भरवसा नाही. त्याच्या मानेत चिप आहे, पण चिप म्हणजे नुसता पंधरा आकडी नंबर. कुत्रा कुठे आहे हे ती सांगत नाही. कोणी स्कॅनरखाली धरलं, तर नोंदीत त्या नंबरापुढे जो फोन असेल तोच वाजणार.

म्हणून घर बदलणाऱ्यांना एकच विनंती. लायसन्स सावकाश होऊ द्या. पण सामान उतरवायच्या आधी चिपच्या नोंदीतला आणि पट्ट्यावरच्या बिल्ल्यातला फोन नंबर बदला. बिल्ला बनवायला फार वेळ लागत नाही. जात लिहायची गरज नाही.