अपटाइमवाले सर

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांच्या शैक्षणिक समाजरचनेत प्राध्यापक, क्लासचालक आणि पालक यांच्याखेरीज एक चौथा वर्ग अलीकडे स्थिरावला असून, ‘लातूर पॅटर्न’ या परीक्षातयारीच्या पद्धतीवर लिहिणाऱ्यांनी त्याची म्हणावी तशी दखल घेतलेली नाही. संस्थेचा सर्व्हर, म्हणजे प्रवेशअर्ज आणि निकाल मागेल त्याला पाठवणारा सदैव चालू संगणक, सांभाळणाऱ्या गृहस्थांचा हा वर्ग होय. हे गृहस्थ कधीही तासावर जात नाहीत, तरी सर्वजण त्यांना ‘सर’ म्हणतात.

कोणाचा प्रिंटर अडो वा प्राचार्यांचा मोबाइल, सरांचा उपचार एकच असतो : बंद करा, चालू करा. स्वतःच्या सर्व्हरवर मात्र ते हा प्रयोग कदापि करीत नाहीत. यंत्र किती दिवस अखंड चालू आहे, हे सांगणारी ‘अपटाइम’ नावाची एक आज्ञा असते आणि पाहुण्याला चहाच्या आधी ती चालवून दाखवली जाते. ज्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले, तेथे एखादी गोष्ट वर्षानुवर्षे न खंडता चालणे हे कर्तृत्वच मानले पाहिजे. अडचण एवढीच, की ‘कर्नल’ हा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, जो स्मृती, यंत्रसामग्री आणि नेटवर्क यांचा कारभार पाहतो, त्याची सुधारलेली आवृत्ती यंत्र पुन्हा सुरू केल्याखेरीज सहसा लागू होत नाही. त्यामुळे अपटाइमचा आकडा जितका थोर, तितका गाभा शिळा.

या अभिमानाची कसोटी 17 जून 2019 रोजी लागली. नेटफ्लिक्समधील जोनाथन लूनी यांना लिनक्स या, सरांच्याही सर्व्हरवर चालणाऱ्या, ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलमध्ये सापडलेला ‘सॅक पॅनिक’ हा दोष त्या दिवशी जाहीर झाला, आणि 2009 च्या 2.6.29 या आवृत्तीपासून तो तेथे मुक्कामाला होता असे आढळले. ‘सॅक’ म्हणजे निवडक पोच : मिरजेच्या गाडीची तिसरी वाघीणच वाटेत राहिली, तर लातूरने सगळी गाडी पुन्हा न मागवता तेवढी तिसरी पाठवा म्हणावे, तशी ही सोय असते. पाठवायच्या माहितीच्या तुकड्यांची मोजदाद कर्नल 16 बिटांच्या रकान्यात ठेवतो, ज्यात 65,535 पर्यंतचाच आकडा मावतो. हल्लेखोराने तुकड्यागणिक केवळ 8 बाइट माहिती जाईल इतका लहान आकार मागितला आणि पोचपावत्या धूर्तपणे धाडल्या, तर 32 किलोबाइटचे 17 कप्पे एकत्र होऊन तुकडे 69,632 होतात, रकाना ओसंडतो, आणि हिशेब अशक्य आहे असे पाहून कर्नल ‘पॅनिक’ जाहीर करतो, म्हणजे अख्खे यंत्र जागीच थांबवतो.

सर्व्हर बसला की सर तोवर लाइट, लोड, जेसीबीने तोडलेली केबल किंवा उंदीर यांपैकी एक कारण पाळीपाळीने देत असत, आणि त्या सर्वांवर विश्वासही बसत असे. परदेशातला कोणी अनोळखी माणूस नुसत्या पावत्या पाठवून आपला सर्व्हर पाडू शकतो, हे सत्य त्यांनी प्रथमच संस्थाचालकांपुढे मांडले, तेव्हा शांतपणे उत्तर आले, “सर, उंदराचंच सांगायचं होतं की.”

सरांपुढे मुख्य उपाय दोन होते. एक म्हणजे नवा कर्नल बसवून सर्व्हर पुन्हा सुरू करणे, ज्यात अपटाइम शून्यावर येतो; दुसरा म्हणजे एका ओळीची आज्ञा देऊन निवडक पोच तात्पुरती बंद करणे, ज्यात सर्व्हर चालू राहतो, पण जेथे तुकडे वारंवार गळतात अशा कमजोर जोडणीवर पाने रखडतात. सरांनी कोणता निवडला, हे सांगण्याची आवश्यकता नाही. ती तात्पुरती ओळ अजूनही फाइलमध्ये आहे, आणि किनवटच्या डोंगराळ भागातून एखाद्या पालकाने निकालाचे पान उघडेना म्हणून फोन केला, तर सर त्यांना मोबाइल बंद करून चालू करायला सांगतात.