सनद लावली आहे हो!

महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा १९४९ चा. त्याच्या नियमांत २०२१ साली सुधारणा झाली आणि खासगी रुग्णालयांनी रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची, सोबत दरपत्रकही, असं ठरलं. लावली की! रिसेप्शनच्या डाव्या हाताला, वॉटर कूलरच्या मागे. वरच्या चार ओळी दिसतात. पुढचं वाचायचं तर कूलर सरकवावा लागेल, आणि तो हक्क काही सनदेत नाही. दरांचं विचारलंत तर "पॅकेजवर आहे सगळं" एवढं उत्तर मिळतं, तेही फुकट.

आणीबाणीत आधी जीव वाचवा, बाकी सोपस्कार मागाहून, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगून टाकलंय. काउंटरवरच्या मुलाला हे शंभर टक्के मान्य आहे. "ट्रीटमेंट चालूच आहे काका, तुम्ही तोवर डिपॉझिटचं बघा," म्हणत तो कार्डाचं मशीन पुढे सरकवतो.

केसपेपरची प्रत मागितल्यावर ७२ तासांत मिळायला हवी, हा वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम. ते तास नेमके कधीपासून मोजायचे, हे रेकॉर्डवाल्या बाईंना ठाऊक असतं, आणि बाई जेवायला गेलेल्या असतात.

बिलापायी मृतदेह अडवता येणार नाही, असंही नियम बजावतात. त्यामुळे कोणी अडवत नाही. फक्त कागदांवर सही करणारे डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये असतात. बिल भरलं की लगेच बाहेर येतात.