पोकळी भरून निघणार नाही

विधान भवनातला एखादा जुना प्रतिवेदक निवृत्त होतो, तेव्हा शाल, श्रीफळ आणि "हे आमच्या कुटुंबातलेच" असं प्रमाणपत्र, तिन्ही एकाच हातात पडतात. अधिवेशन मुंबईत असो की हिवाळ्यात नागपुरात, सभागृहातला शब्दन् शब्द त्याने उतरवून घेतलेला असतो. सन्माननीय सदस्यांनी अर्धवट सोडलेल्या वाक्याला क्रियापद त्याने जोडलं, दहा जणांचा एकदम आरडाओरडा "(गोंधळ)" एवढ्यात बसवला. अध्यक्षांनी कामकाजातून जे काढून टाकायला सांगितलं, तेही आधी त्यानेच ऐकलं. म्हणजे सगळ्यांत जास्त ठाऊक असलेला माणूस हाच. म्हणूनच बहुधा सत्काराला उत्तर द्यायला त्याला दोनच मिनिटं मिळतात.

नियमच तसे आहेत. अ ते क वर्गातला कर्मचारी ५८व्या वर्षी थकल्याचं शासन ठरवतं. विधानसभेवर जायला मात्र वय किमान २५ हवं; वरची मर्यादा घटनेला सुचलीच नाही. पेन्शनचंही तेच. आमदाराला एक टर्म पुरते; १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेल्यांच्या जुन्या पेन्शनसाठी मार्च २०२३मध्ये कर्मचाऱ्यांना संपावर जावं लागलं, तेही ऐन अर्थसंकल्पी अधिवेशनात.

निरोपाच्या भाषणात एक वाक्य ठरलेलं असतं : "यांच्या जाण्याने झालेली पोकळी भरून निघणार नाही."

खरंच आहे. पदभरतीची फाइल वित्त विभागाकडे पडून आहे.