रोहण्यात चहा नाकारण्याची रीतसर पद्धत

चहा करायचा कसा, हे सांगणाऱ्यांची जगात कधीच वाण पडली नाही. चीनमध्ये आठव्या शतकात लू यूने त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. जॉर्ज ऑर्वेलने जानेवारी 1946 मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रात चांगल्या चहाचे अकरा नियम छापले. 1980 मध्ये तर आयएसओ 3103 या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानकच निघाले: 100 मिलिलिटर पाण्याला 2 ग्रॅम पत्ती आणि सहा मिनिटे झाकण. ते चव तपासणाऱ्यांच्या प्रयोगशाळेसाठी होते, घरासाठी नव्हते. तरी दूध आधी की नंतर, यावर त्यालाही बोलावे लागले. (रोहण्यात हा वाद निघत नाही. पाणी, पत्ती, साखर आणि दूध एकाच गंजात उकळतात.) एवढ्या साहित्यात चहा नाकारायचा कसा, यावर मात्र कामाचे असे फारसे काही सापडत नाही. वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातल्या रोहण्यासारख्या गावात ही उणीव चांगलीच जाणवते. पीकविम्याचा पंचनामा, बँकेची वसुली, जनगणना, मताची मागणी, यांपैकी काहीही घेऊन सकाळी वीस घरे करायची ठरवलीत, तर वीस वेळा गंज चुलीवर चढणार. प्रस्तुत मार्गदर्शन अशा गरजूंसाठी आहे.

आधी निषिद्ध वाक्ये. ‘आत्ताच घेतला’ हे त्यांतले सर्वांत धोक्याचे. त्यावर लगोलग ‘कोनाकडे?’ असा प्रश्न येतो, आणि खरे सांगितले तर तुम्ही आधी कोणाच्या ओट्यावर बसून आलात ते गावभर होते. ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली असेल तर ही माहिती फार महाग पडते. ‘आज उपास आहे’ हे वाक्य निरुपयोगी. मराठी उपासाने साबुदाण्याच्या जोडीने चहालाही कधीच मोकळीक देऊन टाकली आहे, त्यामुळे निर्जळी सोडली तर कोणतीही तिथी तुमच्या मदतीला येणार नाही. ‘शुगर आहे’ म्हटले की फिका येतो, ‘ॲसिडिटी आहे’ म्हटले की अद्रक घालून येतो. उन्हाचे नाव काढू नये. वर्ध्याचा पारा मे महिन्यात 45 अंशांवर जातो, तेव्हाही दुपारचा चहा तहकूब झाल्याचे कोणी ऐकलेले नाही. ‘मी चहा पीतच नाही’ हे ऐकायला बाणेदार, पण यजमानाला सर्वांत खर्चाचे. घरातले पोरगे कॉफीची पुडी आणायला दुकानाकडे धावते, नाहीतर डेअरीत घालायचे दूध तुमच्यासाठी तापत बसते. हा गवळाऊ गाईंचा मुलूख आहे. दुधाचा पेला कपापेक्षा मोठा असतो आणि तो अर्धा मागण्याची रीत नाही.

या सबबी फसतात त्याला कारण आहे. त्या सगळ्या चहाबद्दल बोलतात, आणि यजमानाने चहाबद्दल काही विचारलेलेच नसते. ‘चाय मांडू का?’ हे वाक्य नुसते वळणाने प्रश्नासारखे आहे. ते उच्चारले जाते तेव्हा पाणी बहुधा गरम झालेले असते. चहा येण्यापूर्वी आपल्याकडे उन्हातून आलेल्यापुढे गूळ-पाणी ठेवत. चहा त्याच जागेवर रुजू झाला. गुळाऐवजी साखर आली, पाण्याला उकळी आली, पत्ती आणि दूध वाढले, हुद्दा तोच राहिला. पहिला कप म्हणजे तुम्ही आलात, तुमची दखल घेतली, याची पोच. दुसऱ्या कपापासून चहा हा चहा होतो, आणि तिथूनच पाहुण्याला नाही म्हणण्याचा हक्क मिळतो. जगभर हीच वहिवाट दिसते. तिबेटात लोण्याच्या चहाचा घोट घेतला की यजमान वाटी पुन्हा भरतो, म्हणून नको असणारा पाहुणा ती भरलेलीच राहू देतो. रशियात एके काळी बशीवर कप पालथा घातला की पुरे झाले असे समजत. इंग्रजांच्या घरात चमचा कपावर आडवा ठेवत. नकाराच्या या साऱ्या खुणा पाहाव्यात तर कप हातात आल्यानंतरच्या आहेत. पहिला कप येण्याआधी करायची खूण यांपैकी कोणीच शोधलेली नाही, आणि चहाशी या लोकांचा परिचय आपल्यापेक्षा जुना आहे.

पहिल्या कपाचे वजन किती, याचा मराठी पुरावा पुण्यात आहे. 1890 मध्ये गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, शहरातल्या मातब्बरांना पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला जमवले. तिथे चहा-बिस्किटे फिरली. मग हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आली आणि गावात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानडे आणि टिळक या दोन टोकांच्या माणसांना एकाच कपापायी प्रायश्चित्ताचा प्रश्न सोडवत बसावे लागले. चहा पोटात किती गेला, याला कोणी महत्त्व दिले नाही. कोणाच्या घरी कोणाच्या हातचा स्वीकारला, हाच खटला होता. उलट बाजूचा पुरावा दर हिवाळ्यात नागपुरात मिळतो. विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री विरोधकांना चहापानाला बोलावतात आणि विरोधक बहुतेक वेळा त्यावर बहिष्कार टाकतात. म्हणजे पहिला कप नाकारता येतो, नाही असे नाही. पण त्यासाठी पत्रकार परिषद घ्यावी लागते आणि सरकारच्या अपयशांची यादी तयार ठेवावी लागते. रोहण्यात वसुलीला आलेल्या माणसाची एवढी तयारी नसते.

यावर एक वजनदार आक्षेप जिल्ह्यातूनच येईल. गांधीजी 1936 पासून सेवाग्रामला राहिले. चहा शरीराला गरजेचा नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. मग त्यांच्याच जिल्ह्यात चहाचे एवढे स्तोम का? आक्षेप घेणाऱ्यांनी 1942 मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत लिहिलेली ‘आरोग्याची गुरुकिल्ली’ पुन्हा उघडावी. त्यात गांधीजी चहाच्या उगमाची एक चिनी कथा सांगतात. पाणी खरोखर उकळले की नाही हे कळावे म्हणून एका शहाण्याने त्यावर पाला वापरून पाहिला. रंग उतरला तर पाणी उकळलेले. त्यांचा राग पत्ती उकळून काढलेल्या कडक चहावर होता, आणि त्या बाबतीत रोहण्याचा गंज दोषी आहे हे मान्य करावे लागेल. पण त्यांच्या कथेतही चहा हा मुळात पुरावाच आहे, समोरच्यासाठी कोणीतरी चूल पेटवून वाट पाहिली याचा. त्यातून हा जिल्हा सत्तरच्या दशकापासून दारूबंदीचा. कायद्याला धरून पाहुण्यापुढे ठेवता येईल असे दुसरे आहे तरी काय?

दुसरा आक्षेप असा की ही परंपरा वगैरे काही नाही, मळेवाल्यांनी लावलेली सवय आहे. यातला दुसरा अर्धा भाग खरा. 1903 च्या कायद्याने चहावर उपकर बसला, त्यातल्या पैशातून देशभर प्रचार झाला, रेल्वे स्टेशनांवर चहाची दुकाने लागली. पुलगाव–आर्वी ही एके काळी रोहण्यावरून धावणारी छोटी रेल्वेही त्याच काळातली, 1917 ची. पुढे आसामात 1930 च्या सुमारास सीटीसी यंत्र आले आणि त्याच्या दाणेदार, कडक, स्वस्त पत्तीने एका चमच्यात चार कप रंगू लागले. कंपन्यांनी पत्ती विकली, हे कबूल. पण आल्यागेल्याची दखल घेण्याचे बंधन त्यांना विकावे लागले नाही, ते गुळाच्या खड्याबरोबर घरोघर होतेच. आणि चहा नुसते पेय असता तर महाराष्ट्रातल्या खेड्यांतल्या हॉटेलांनी दलितांसाठी वेगळे कप कशाला ठेवले असते? तो कप बाहेर ठेवायचा, पिणाऱ्यानेच विसळायचा. चहा मात्र आतल्या गिऱ्हाईकाचा आणि त्याचा एकाच भांड्यातला. दखल कोणाची घ्यायची आणि कोणाची नाही, हे त्या कपाने पिढ्यान्‌पिढ्या सांगितले. म्हणून या मार्गदर्शनातला एकच नियम बिनशर्त आहे. ज्या घरांचा चहा गावाने नाकारला, त्या घरी पुढील कोणतीही युक्ती वापरू नये. पोट कितीही भरलेले असो, तिथे पूर्ण कप घ्यावा, ओट्यावर बसून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा.

बाकी ठिकाणी खुशाल वागावे. चहा नको असेल तर त्याला ताबडतोब हो म्हणावे. इतका लवकर होकार सहसा येत नसल्याने यजमान खूश होतो आणि प्रमाणाबद्दल बोलायला जागा मिळते. मग ‘वहिनी, अर्धाच’ म्हणावे. टपरीवर जसे ‘कट’ला मान आहे तसा घरात ‘अर्ध्या’ला आहे. अर्धा म्हणून पाऊण येईल, हे धरून चालावे. शेजारी कोणी बसले असेल तर बशीत ओतून त्याच्याकडे सरकवावे: ‘घ्या ना भाऊ, दोघांत एक.’ बशीत चहा निवतो, वाटला जातो आणि नाकारल्याचा ठपका कोणावर येत नाही. शिष्ट लोकांनी बशी हद्दपार केली, तेव्हा ही सोय गेली हे त्यांच्या ध्यानात आले नाही. वीस घरांचे काम असेल तर घरोघर फिरूच नये. एका मध्यवर्ती ओट्यावर बसून आजूबाजूच्या चार घरांना तिथेच बोलावून घ्यावे, म्हणजे एका कपात चार घरांची पोच होते. फक्त तो ओटा कोणाचा निवडला याचे काहीतरी सरकारी कारण जवळ असू द्यावे. ‘इथे सावली आहे’ हे आजवरचे सर्वांत टिकाऊ ठरलेले कारण. एवढे करूनही एखाद्या घरी वेळच नसेल तर दारातून ‘पुढच्या वेळी नक्की’ म्हणून निघू नये, कारण त्या घरी ते लक्षात ठेवले जाते आणि पुढच्या वेळी चहाबरोबर पोहेही येतात. उभ्या उभ्या दोन घोट घ्यावेत, कप खाली ठेवावा आणि चपला शोधाव्यात. आणखी घ्या म्हणून आग्रह झाला, तर त्या कपाला मात्र ठाम नाही म्हणावे. घरच्या बाईलाही ते ऐकून हायसे वाटते, कारण गंजात उरलेला चहा वावरातून येणाऱ्यांसाठी ठेवलेला असतो.