नवोदित संगीतशिक्षकाचा आनंद : मात्रा आणि पथ्ये

संगीतशिक्षकास आनंद शिष्याच्या कीर्तीतून लाभतो, हा समज नवोदितास विशेष अपायकारक होय; कारण शिष्य आठ वर्षांचा असतो, त्याच्या कीर्तीस अवकाश असतो आणि घरभाडे तोवर थांबत नाही. यास्तव त्याने आनंद मात्रेने घ्यावा. तालशास्त्रात मात्रा म्हणजे काल मोजण्याचे एकक आणि वैद्यकात मात्रा म्हणजे औषधाचे प्रमाण. प्रस्तुत विवेचनात दोन्ही अर्थ एकदमच अभिप्रेत आहेत.

पहिली मात्रा पेटीतून मिळते. स्वरांमधून घसरत जाणारी मींड या वाद्यातून निघत नाही, हा त्यावरील जुना आक्षेप असून आकाशवाणीने १९४० साली त्यावर घातलेली बंदी १९७१ पर्यंत टिकली होती. तथापि शिकवणीच्या वर्गात स्वर न विसरणारे सदस्य दोनच, एक शिक्षक व दुसरी पेटी, आणि त्यांतही पेटी अधिक भरवशाची. विद्यार्थ्याचा उजवा हात योग्य पट्टीवर पडतो नेमका तेव्हाच त्याचा डावा हात भाता हलवायचे विसरतो. ज्या दिवशी दोन्ही हातांचे एकमत होते, त्या दिवशी शिक्षकाने मनातल्या मनात एक मात्रा जमा धरावी.

दुसरी मात्रा भूप रागात दडलेली असते. या रागात मध्यम व निषाद वर्ज्य, म्हणजे पूर्णतः निषिद्ध असल्याने तो पाच स्वरांचा, अर्थात औडव जातीचा ठरतो. परंतु सात स्वरांचे अलंकार घोकलेल्या मुलास गंधाराशेजारचा मध्यम टाळणे हे वाटेत दिसलेला चिंचेचा गोळा न उचलण्याइतके कठीण जाते. एखाद्या सायंकाळी मूल गंधारावर थबकते, मध्यमासाठी उघडलेले तोंड तसेच ठेवून शिक्षकाकडे चोरट्या नजरेने पाहते आणि थेट पंचमावर जाते. अशा वेळी शिक्षकाने ‘शाब्बास’ म्हणू नये. कारण शाबासकीच्या भरात पुढचा स्वर बहुधा निषाद लागतो.

तिसरी मात्रा ऐकू येत नाही. सोळा मात्रांच्या त्रितालात पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेवर टाळी, तर नवव्या मात्रेवर काल, म्हणजे खाली असते आणि तेथे टाळी न देता हात बाजूस फिरवायचा असतो. नवा वर्ग मात्र सर्वाधिक जोरदार टाळी तेथेच वाजवतो. संपूर्ण वर्गाचे हात नवव्या मात्रेवर निःशब्द फिरतात, ते आवर्तन दुर्मिळ होय. न वाजलेल्या टाळीचा आनंद मानता येणे, हीच या व्यवसायातील खरी पात्रता.

पथ्ये दोनच आहेत. दारात उभ्या पालकांनी “सर, गॅदरिंगला सिनेमाचं एखादं गाणं बसवाल का?” असे विचारल्यास त्या दिवशीची जमा खर्ची टाकू नये. तसेच वर्ग सुटल्यावर जिन्यावरून गंधार-पंचमाची गुणगुण ऐकू आल्यास शिक्षकाने धावत खिडकीशी जाऊ नये, गेल्यास निदान वाकून पाहू नये. आणि तिसऱ्या पायरीवर त्या गुणगुणीत मध्यम शिरलाच, तर तो जिन्याचा दोष समजावा.